पुढची सीट

मर्सिडीज शिमुनची होती, पण तिच्यातून शिमुन उतरला नाही.

देवळाच्या वळणावर ती पांढरी गाडी दिसली तशी लुत्साने हातातली परात खाली ठेवली आणि ओल्या हातांनीच फाटकाकडे धावली. वीस वर्षं दर ऑगस्टात ती अशीच धावत आली होती. आता गुडघे कुरकुरायचे, तरी धावली, कारण या खेपेला नवरा महिन्याभराच्या रजेवर येत नव्हता, कायमचा येत होता. जर्मनीतलं बांधकामावरचं काम संपलं, पेन्शन लागली, आता घर, द्राक्षाचा मळा आणि तू, असं त्याने इस्टरला फोनवर सांगितलं होतं. त्या तीन गोष्टींत आपला नंबर शेवटचा लागला म्हणून ती तेव्हा रुसली होती. मग चार महिने तेच वाक्य मनात घोळवत तिने घराला चुना लावून घेतला.

गाडीचं दार उघडलं आणि आतून उतरला विंको. नणंदेचा मुलगा.

"मामा कुठंय?" लुत्साने विचारलं.

"येतोय मागून, मामी. ही गाडी त्यानं मला दिली. सामान घेऊन तू पुढे हो म्हणाला."

"आणि तो कशानं येतोय?"

विंको टपावरच्या दोऱ्या सोडायला लागला. साधी गाठ, पण ती काही केल्या सुटेना. लुत्सा बघत राहिली. कॉफीची खोकी उतरली, कपडे धुण्याच्या पावडरीचे डबे उतरले, दिराने, याकिशाने, सांगितलेल्या फरशा उतरल्या, शिमुनची पत्र्याची पेटी उतरली. सगळं आलं होतं, नवरा सोडून.

विंकोच्या पोटातली गोष्ट बाहेर काढायला त्याची आई समर्थ होती. मातिया म्हणजे शिमुनची थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी परतली, अंगणाच्या पलीकडच्या कडेला घर बांधून राहिली, आणि तेव्हापासून दोन्ही घरांच्या चुली आपल्याच समजत आली. तिने लेकापुढे सूपाचा वाडगा ठेवला आणि समोर बसली.

"हं. बोल."

"पिवळी आहे," विंको म्हणाला. "अमेरिकन. स्पोर्ट्स कार. तिथे अमेरिकेची फौज आहे ना, त्यांच्यातल्या कुणाची तरी जुनी घेतली. कॉर्व्हेट म्हणतात. लांबलचक नाक आहे तिला, आणि..."

"नाकाचं राहू दे. माणसं किती बसतात?"

"दोन."

"पुढे दोन. आणि मागे?"

"मागे काही नाहीच, आई. पुढे दोन सीट, मग काच, मग गाडी संपली."

मातियाने हातातला चमचा खाली ठेवला. "अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. भाऊ, बहीण, मुलगी, भाचा, एवढा गोतावळा. त्याला दोन सीटची गाडी कशाला लागते?"

लुत्सा दारात उभी होती. विंकोने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान वाडग्यात घातली.

"शेजारी बाई होती," तो म्हणाला. "मी दोनदा पाहिली. रविवारची. उंच, पिवळ्या केसांची. गळ्यात निळ्या ठिपक्यांचा रुमाल. मोठ्यानं हसत होती. मामानं मला पाहिलं तर म्हणाला, घरी बोलू नकोस."

लुत्सा आत गेली आणि कॉफीची पाकिटं फडताळात लावत बसली. एकावर एक, सगळी तोंडं एका बाजूला. वरच्या वाडीतला येर्को असाच गेला होता. आधी पत्रं कमी झाली, मग ऑगस्ट चुकायला लागले, मग कुणीतरी फोटो आणला, त्यात येर्को, एक जर्मन बाई आणि छत्रीखाली दोन मुलं. येर्को जिवंत असून त्याची झोर्का आजही काळ्या कपड्यांत फिरते. बायका तिच्याशी बोलताना आवाज खाली आणतात. लुत्सासुद्धा आणायची. आता आपल्याशी बोलताना कोण कोण आवाज खाली आणेल, त्यांचे चेहरे एकेक करून तिच्या डोळ्यांसमोरून गेले.

दुसऱ्या दिवशी मारियामातेचा सण. पोद्ग्रेदा गावात जर्मनीची नंबरप्लेट नसलेलं अंगण सापडणं मुश्कील. सगळ्या मर्सिडीज धुऊनपुसून देवळासमोर एका रांगेत, आणि मिरवणुकीत माणसं मूर्तीकडे बघतात त्याहून जास्त त्या रांगेकडे बघतात. शिमुन मिरवणुकीपर्यंत पोचणार होता. मिरवणूक निघाली, फिरली, मूर्ती देवळात परत गेली. शिमुनचा पत्ता नाही.

अंगणातल्या वेलीखाली टेबलं मांडलेली. याकिशा विस्तवावर सळईला लावलेलं कोकरू फिरवत होता आणि दर दोन फेऱ्यांनी स्वतःला वाइन ओतून घेत होता. पहाटेच्या बसने स्प्लिटहून मुलगी आली होती, आंजेल्का. शाळेत शिकवते, आणि घरीही सगळ्यांना शिकवल्याशिवाय राहत नाही. आत्याने तिला फाटकातच गाठून सगळी हकिकत सांगितली होती.

"आई, तू माझ्याकडे चल," तिने कांदा चिरता चिरता सांगून टाकलं. "आजच. त्यांना येऊ देत, बघू देत, घर रिकामं आहे."

"आणि कोंबड्या?"

"कोंबड्या गेल्या खड्ड्यात! माणूस वीस वर्षं ऑगस्टात येतो. मला लहानपणी वाटायचं, बाबा हा टरबुजासारखा उन्हाळ्यातच मिळतो. आता म्हातारपणी तरी घरी येतील म्हटलं, तर हे!"

"अजून काही कळलेलं नाही आपल्याला."

"दोन सीट, आई! अजून काय कळायचंय?"

तेवढ्यात मातिया कॉफी घेऊन आली. लुत्साच्या पुढ्यात कप ठेवला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "पी ग बाई. तू काळजी करू नकोस. भाऊ असला म्हणून काय झालं, मी तुझ्या बाजूनं आहे."

आता मात्र लुत्सा खरोखर घाबरली. लग्न होऊन या अंगणात आल्यापासून नणंदेने तिला कधी स्वतःच्या हातची कॉफी दिली नव्हती. मातिया आपली बाजू घेते आहे, म्हणजे घरात प्रेत पडल्यासारखंच झालं. तो मेला नसू दे, एवढं तिने आधी मनात म्हटलं. वाटेत काही झालेलं नसू दे. बाई तर बाई, पण जिवंत येऊ दे. आणि लगेच दुसऱ्या मनाने म्हटलं, नाही, बाई नको.

तो आला तो एका ट्रकच्या मागून.

आधी रस्त्यावर टरबुजांनी भरलेला ट्रक थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, रागाने लाल झालेला. त्याच्या मागे, जवळजवळ चाकांना चिकटून, एक पिवळीधमक गाडी. इतकी बुटकी की कुंपणावरून आधी नुसतं छप्परच दिसलं.

"हा तुमचा का माणूस?" ड्रायव्हर अंगणाकडे बघून ओरडला. "सरहद्दीपासून माझ्या मागं लागलाय! मी हळू केली की हा हळू. मी पाणी प्यायला थांबलो, हाही थांबला. मी झुडपाआड गेलो, तर हा आपला काच खाली करून वाट बघत बसलेला! मला वाटलं पोलीस आहे. मग वाटलं, पोलिसाला अशी गाडी कोण देणार?"

"आमचाच," याकिशा म्हणाला आणि त्याच्या हातात वाइनचा पेला दिला. तेवढ्यावर ड्रायव्हर निवळला.

पिवळी गाडी फाटकातून आत आली आणि थांबली. गावातली निम्मी माणसं मागोमाग आली होती. दार उघडलं. आत शिमुन होता. एकटा. पांढरे केस उडालेले, डोळे तांबारलेले, तोंडभर हसू. शेजारच्या सीटवर त्याची टोपी होती आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी. बाकी कुणी नव्हतं. लुत्साने दोनदा बघून घेतलं.

"आलो!" तो म्हणाला. पण उतरला नाही.

"मग उतर की," मातिया म्हणाली.

"उतरतो. जरा थांबा." तो आत खाली वाकून काहीतरी ओढत होता. "याकिशा, जरा हात दे रे. पाय बांधलाय."

याकिशाने आत डोकं घातलं आणि तिथेच हसायला लागला. शिमुनचा डावा पाय घोट्याशी सीटच्या लोखंडी पट्टीला बांधलेला होता. पांढऱ्या रेशमी रुमालाने. रुमालावर निळे ठिपके.

विंको हळूच अंगणाच्या मागच्या बाजूला सटकला. आंजेल्काने चिरायची सुरी टेबलावर आपटली. लुत्सा मात्र दोन पावलं पुढे झाली. इतक्या माणसांसमोर आपण बोलू असं तिला स्वतःलाच वाटलं नव्हतं.

"हा रुमाल कुणाचा, शिमुन?"

"जिच्याकडून गाडी घेतली तिचा."

"म्हणजे बाई आहेच!" मातिया म्हणाली.

"आहे म्हणजे? असणारच की. नवऱ्याची बदली झाली, तो फौजेबरोबर अमेरिकेला गेला, बाई गाडी विकायला मागं राहिली. आता तीही गेली असेल. गेल्या रविवारी विमान होतं तिचं." शिमुनने सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि त्याचं हसू जरा आकसलं. "काय झालंय काय? कुणी गेलं की काय?"

"तुमचा पाय का बांधलाय, बाबा?" आंजेल्काने विचारलं. आवाज शाळेतला.

"अगं, या गाडीला क्लच नाही!" शिमुन अशा थाटात म्हणाला, की एवढ्याने सगळं कळायलाच हवं. "गिअर आपोआप पडतात. डाव्या पायाला कामच नाही. पण पायाला कोण सांगणार? सगळा जन्म क्लच दाबला त्यानं. गिअर आला असं वाटलं की खाडकन दाबतो, आणि तिथं आहे ब्रेक! हा एवढा रुंद! पहिल्या दिवशी ती बिचारी बाई दोनदा काचेवर आपटली. मला इंग्रजी येत नाही, तिला जर्मन धड येत नाही. शिव्या मात्र कळत होत्या. दुसऱ्या रविवारी तिनं गळ्यातला रुमाल काढला, माझा पाय आवळून बांधला आणि म्हणाली, आता चालव. मग जमलं. पोटभर हसली बाई. जाताना रुमाल मलाच दिला, म्हणाली घरी पोचेपर्यंत सोडू नकोस."

आधी याकिशा हसला. मग ट्रकवाला. मग गावातली पोरंटोरं, आणि शेवटी विंको कोपऱ्यातून. आंजेल्काने तोंडावर हात धरला, पण तिचे खांदे हलत होते. लुत्सा हसली नाही. ती टेबलाशेजारच्या बाकावर बसली आणि पदरासारखा एप्रन तोंडाला लावून नुसता श्वास घेत राहिली. काल संध्याकाळपासून तिने धड श्वास घेतलाच नव्हता.

"आणि त्या ट्रकचं काय?" याकिशाने पाय सोडवत विचारलं.

"काट्यावर मैल आहेत रे बाबा, किलोमीटर नाहीत. मला काय ठाऊक? ऑस्ट्रियात ऐंशीची पाटी, माझा काटा ऐंशीवर, मी खूश. पोलिसानं अडवलं तर तो मला विचारतो, म्हातारबाबा, विमान कुठं उतरवताय? तेव्हापासून ठरवलं, काट्याकडे बघायचंच नाही. बऱ्या चालीचा एखादा ट्रक धरायचा आणि तो जाईल तसं जायचं. हा भला माणूस सरहद्दीवर सापडला."

भल्या माणसाने दुसरा पेला पुढे केला.

सगळे जेवायला बसले. कोकरू कापलं गेलं, ट्रकवाल्यालाही बसवलं. वातावरण सैल झालं तशी आंजेल्का वडिलांशी नीट बोलायला लागली, आणि मातियाने भावजयीची बाजू अलगद सोडून दिली. सकाळपासून ती बाजू सांभाळून तिलाही अवघडल्यासारखं झालं असावं. तिची नजर आता गाडीवर होती.

"बुटकी आहे," ती म्हणाली. "माझे गुडघे कसे वाकायचे?"

"तुझे गुडघे कशाला वाकायला हवेत?" शिमुन म्हणाला.

"अरे वा! उद्या दाताच्या डॉक्टरकडे कोण नेणार मला? आणि समुद्रावर? दरवर्षी सणानंतर जातो ना आपण मकार्स्काला."

हे खरं होतं. शिमुनची मर्सिडीज वर्षभर शिमुनची असायची, आणि ऑगस्टात सगळ्यांची. सकाळी हिला दवाखान्यात सोड, दुपारी त्याचं सिमेंट आण, कुणाची सून आणायची, कुणाचं डुक्कर पोचवायचं. सणाच्या दुसऱ्या दिवशी डोंगर ओलांडून समुद्राला. पुढच्या सीटवर मातिया, कारण मागे बसली की तिला उलटी होते. हातात लिंबू, ते सारखं हुंगायची. मागे याकिशा, त्याची बायको, मुलं, मुलांवर मुलं. दरवर्षी सगळे बसून झाले की कुणीतरी म्हणायचं, अरे, लुत्सा राहिली! आणि लुत्सा म्हणायची, जा, जा, मला घरी कामं आहेत, मी पुढच्या वेळी. समुद्र तिने पाहिला नव्हता असं नाही. आंजेल्का तापाने फणफणली होती तेव्हा बसने मकार्स्काच्या दवाखान्यात नेली होती, तिथल्या जिन्याच्या खिडकीतून पाहिला होता. निळा होता.

जेवण आटोपलं. शिमुन उठला, गाडीशी गेला आणि छपराचे दोन तुकडे उचलून बाजूला ठेवले. गाडी वरून उघडी झाली. पोरांनी गलका केला. मग त्याने पलीकडचं दार उघडून धरलं.

मातिया उठलीच. टेबलावरच्या टोपलीतलं लिंबू उचललं, काळा स्कर्ट सावरला आणि वीस वर्षांच्या सवयीने थेट त्या दाराशी गेली. तिच्या मनात काहीही वाईट नव्हतं. पुढची सीट तिची, एवढंच तिला ठाऊक होतं.

"नाही, मातिया," शिमुन म्हणाला.

"काय नाही?"

"ही लुत्साची जागा आहे."

"मग मी कुठं बसू?"

"कुठंच नाही. दोनच सीट आहेत."

"अरे, पण मागे थोडी..."

"मागे काही नाही. बघून घेतली आहे. जर्मन गाड्याही पाहिल्या मी दोन सीटच्या, पण मेल्यांनी मागे कुठंतरी एक चिंचोळी फळी ठेवलेलीच असते. म्हटलं, फळी दिसली की तू बसणार. तू बसलीस की याकिशा बसणार. मग त्या अमेरिकन लोकांकडे गेलो. परत निघालेले शिपाई मैदानात गाड्या लावून ठेवतात विकायला, काचेवर कागद चिकटवून. ही दिसली. मागं हात घालून पाहिला, सगळीकडून चाचपली. ती बाई विचारत होती, काय शोधतोस? मी म्हटलं, काही नाही ना, ते बघतोय."

शिमुनला लांब बोलायची सवय नव्हती, त्याचे कान लाल झाले होते. तरी तो थांबला नाही.

"वीस वर्षं मी हिला म्हणत आलो, पुढच्या वेळी. आता पुढची वेळ उरली नाही. आता मी इथंच आहे. तुला दाताला विंको नेईल, मर्सिडीज त्याच्याकडे आहे, म्हणून तर दिली त्याला. ह्या गाडीत आम्ही दोघं बसणार."

मातिया लिंबू हातात धरून उभी राहिली. तिच्या तोंडावर आधी राग आला, मग दुसरंच काहीतरी. नवरा मेल्यापासून तिच्यासाठी कुणी जागा राखून ठेवली नव्हती, म्हणून तर ती सगळीकडे आधी जाऊन बसायची. हे लुत्साला त्या क्षणी दिसलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला नणंदेची दया आली.

"वन्सं, तुम्ही बसा," लुत्सा म्हणाली. "मी काय, पुढच्या..."

"गप्प बस!" मातिया तिच्यावर खेकसली. "मूर्ख बाई! एवढं सात मुलखांतून गाडी हुडकून आणलीये तुझ्यासाठी, आणि पुढच्या वेळी म्हणते! जा, बस आत!" मग भावाकडे वळून तितक्याच फणकाऱ्याने, "आणि तो रुमाल मला दे. सीट नाही तर नाही. रेशमी आहे, वाया नको जायला."

शिमुनने रुमाल दिला. मातियाने विधवेच्या काळ्या रुमालावरून तो निळ्या ठिपक्यांचा रुमाल बांधला आणि कुणाची हसायची हिंमत आहे का, ते बघत टेबलाच्या मुख्य जागेवर जाऊन बसली.

"पाहुणे आलेत. वाढायचं कुणी?" लुत्साने शेवटचा प्रयत्न केला.

"मी आहे," आंजेल्काने तिच्या अंगावरचा एप्रन सोडला. "कोंबड्याही बघते." आणि आईला सीटवर बसवताना कानात म्हणाली, "सकाळी मी जे बोलले ते त्यांना सांगू नकोस हं."

गाडी इतकी बुटकी की लुत्साला रस्त्यावर मांडी घालून बसल्यासारखं वाटलं. फाटकाबाहेर झोर्का उभी होती, काळ्या कपड्यांत. तिने हात केला. लुत्सानेही केला, आणि तिला लाज वाटली, आनंदही झाला, दोन्ही एकदम. गाव मागे पडलं. वरून ऊन, समोरून वारा, शिमुन दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून बसलेला. कागदात गुंडाळलेलं काय आहे म्हणून तिने उघडलं, तर काळा चष्मा होता, बायकी. तिने घातला. जग तपकिरी झालं.

"मला वाटलं, बाई आहे," ती म्हणाली.

"कुठं?"

"तुझ्याकडे. तिथं. काल विंकोनं सांगितलं तेव्हापासून मी मेले होते, शिमुन."

तो तिच्याकडे बघायला लागला तशी ती ओरडली, "पुढं बघ!"

"मी कुठली बाई ठेवणार? मला माझे मोजेही धड धुता येत नाहीत." मग थोड्या वेळाने म्हणाला, "एकटाच होतो ग. खोलीत चार जण असायचो, तरी एकटाच. त्या बाईनं विचारलं, दुसऱ्या सीटवर कोण बसणार? मी तुझा फोटो दाखवला. शेळीबरोबरचा."

"दुसरा नव्हता का?"

"तोच चांगलाय."

रस्ता डोंगरात चढत गेला. बियोकोवो डोंगराचा करडा कडा डाव्या हाताला आला, हवा गार झाली. दुब्चीच्या खिंडीत वळण संपलं आणि समोर जमीनच संपली. खाली, थेट आभाळापर्यंत, समुद्र. लुत्साने चष्मा काढला. नेमकं त्याच वेळी शिमुनच्या डाव्या पायाला वाटलं की गिअर बदलायची वेळ झाली. रुमाल मातियाच्या डोक्यावर होता, पाय मोकळा होता. गाडीने असा आचका दिला की लुत्साचं कपाळ काचेला टेकून आलं, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"लागलं का?" शिमुन घाबरून म्हणाला. "लागलं का तुला?"

लुत्साने कपाळ चोळलं. मग स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडला, खाली वाकली, नवऱ्याचा डावा पाय धरून सीटच्या पट्टीशी ओढला आणि रुमालाचे दोन वेढे देऊन करकचून बांधला. शेळीला बांधायची तीच गाठ, जी ओढली की आणखी घट्ट होते. समोर एवढा समुद्र होता, पण तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. आधी गाठ पुरी केली.

"आई ग! लुत्सा, जरा सैल कर ना."

"वीस वर्षं सैलच होती," लुत्सा म्हणाली. "चल आता."